पटावरील संस्थानांचें विलीनीकरण

कोल्हापूर संस्थान ता. १ मार्च १९४९ रोजीं मुंबई प्रांतांत विलीन झालें. त्याच्या एक वर्ष आधीं, ता. ८ मार्च १९४८ रोजीं, शेजारचें सांगली संस्थान विलीन झालें होतें. या दोन घटनांनीं पंचगंगा-कृष्णेच्या कांठच्या लोकांचे कायदे, दप्तरें व न्यायकचेऱ्या कशा बदलल्या, याविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे व पुढेंही लिहिलें जाईल. परंतु त्याच सुमारास दुसरेंही एक विलीनीकरण चाललें होतें. त्याचा करारनामा कोणी लिहिला नाहीं, त्यावर कोणा राजानें सही केली नाहीं, आणि त्याची वार्ता कोणत्याही राजपत्रांत छापली गेली नाहीं. वाड्यांच्या ओसऱ्यांवर, देवळांच्या ओवऱ्यांत आणि दुकानांच्या फळ्यांवर पट पसरून जें बुद्धिबळ खेळलें जात असे, त्याचे गांवोगांवचे निरनिराळे कायदे एकदोन पिढ्यांत मागें पडले, व त्यांच्या जागीं साऱ्या जगाचा एक कायदा आला. या घडामोडीचा थोडा इतिहास आज वाचकांपुढें मांडावा, असा आमचा हेतु आहे.

कोणी म्हणेल, खेळाच्या नियमांत इतिहास तो कसला? प्यादें एक घर चाललें काय आणि दोन घरें चाललें काय, जगाच्या उलाढालींत त्याची मातब्बरी किती? हा आक्षेप घेणारा गृहस्थ पटावर कधीं बसलेला नसावा. ज्यांनीं हा खेळ खेळला आहे किंवा नुसता शेजारीं बसून पाहिला आहे, त्यांस ठाऊक आहे कीं, डाव ऐन रंगांत आला असतां प्रतिपक्षी शांतपणें "आमच्याकडे असें नाहीं" असें म्हणतो, तेव्हां पटावरचें युद्ध थांबून निराळेंच युद्ध सुरू होतें. मग बघ्यांतील एखाद्या वडिलधाऱ्यास "काका, तुम्हीच सांगा" अशी विनवणी होते. काका आपल्या गुरूचा दाखला देतात. प्रतिपक्षी मिरजेचा किंवा वाईचा असला तर तो तेथल्या गुरूचा दाखला देतो. आणि चालीचा प्रश्न बाजूस राहून, कायदा कोणाचा व तो सांगण्याचा अधिकार कोणास, असा प्रश्न उपस्थित होतो. राज्यकारभारांतला सर्वांत जुना प्रश्न तो हाच. म्हणून खेळाडूंच्या शंका क्षुल्लक समजून टाकून द्याव्या, असें आम्हांस वाटत नाहीं.

या शंकांची परंपराही लहानसहान नाहीं. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें इ. स. ११२९ च्या सुमारास 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला. कोल्हापूर-कऱ्हाडकडचे शिलाहार त्या काळीं याच चालुक्यांचे मांडलिक होते. राज्य कसें मिळवावें, कसें राखावें, आणि मिळविल्यावर त्याचा उपभोग कसा घ्यावा, हें सांगणाऱ्या त्या ग्रंथांत राजाच्या विनोदांमध्यें चतुरंगाचेंही वर्णन आहे. हत्ती, घोडे, पाककृति व संगीत यांच्या पंक्तीला राजानें पटावरच्या सैन्यासही बसविलें, यावरून त्या खेळाची प्रतिष्ठा दिसते.

पुढें पांच शतकांनीं याच विषयाकडे एक धर्मशास्त्री वळला, हें अधिक मौजेचें आहे. पैठणहून काशीस जाऊन स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यांतील नीलकंठभट्टानें सतराव्या शतकाच्या पूर्वार्धांत 'भगवंतभास्कर' नांवाचा बारा मयूखांचा प्रचंड धर्मनिबंध लिहिला. त्यांतील 'व्यवहारमयूख' इंग्रजी अमदानींत मुंबईच्या न्यायालयांनीं प्रमाण मानला, व वारसा, दत्तक, वांटणी यांसारख्या कज्जांत वकील त्याचे आधार काढूं लागले. म. म. पांडुरंग वामन काणे यांनीं त्याची चिकित्सक आवृत्ति सिद्ध केली, हें वाचकांस ठाऊक असेलच. त्याच निबंधाच्या 'नीतिमयूख' नांवाच्या भागांत नीलकंठानें बुद्धिबळाच्या खेळाचेंही निरूपण केलें आहे. भावाभावांच्या वांटण्यांचा कायदा सांगणाऱ्या लेखणीनें प्याद्याघोड्यांचाही कायदा लिहावा, यांत आमच्या पूर्वजांस कांहीं विसंगत वाटलें नाहीं. दोन पक्ष समोरासमोर आले म्हणजे त्यांच्यामध्यें एखादा ठरलेला न्याय हवा, मग वाद शेतीच्या बांधाचा असो कीं पटावरच्या घराचा असो, हें त्यांनीं ओळखलें होतें.

आतां गांवोगांव कोणते प्रश्न निघत, तें पाहूं. पहिला प्रश्न प्याद्याच्या पहिल्या चालीचा. देशी पद्धतींत प्यादें सामान्यतः एकच घर पुढें सरके. दोन घरांची उडी त्यास नसे. कोठें कोठें ठराविक प्याद्यांपुरतीच, तीही त्यांच्या मागचें मोहरें मूळ जागीं असेल तरच, ही सवलत मिळे. दुसरा प्रश्न राजाच्या संरक्षणाचा. ज्यास आपण किल्लेकोट म्हणतों, ती राजा व हत्ती यांची जोडचाल देशी खेळांत नव्हती. तिच्या ऐवजीं राजास एकदांच घोड्याप्रमाणें अडीच घरें उडण्याची मुभा असे. मात्र त्यापूर्वीं त्यास एकही शह लागलेला नसला पाहिजे. यांतून पुन्हां शंका निघत. शह बसला, पण तो मधें मोहरें घालून निवारला, तर राजाची उडी गेली कीं राहिली? उडी घेतांना राजानें प्रतिपक्षाचें मोहरें मारावें कीं नुसतें रिकाम्या घरांत जावें? या शंकांचीं उत्तरें गांव बदलला कीं बदलत.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, तो प्याद्याच्या बढतीचा. आजच्या कायद्याप्रमाणें शेवटच्या रांगेंत पोहोंचलेल्या प्याद्याचा खेळाडूच्या इच्छेप्रमाणें वजीर, हत्ती, उंट किंवा घोडा होतो, आणि पटावर जुना वजीर जिवंत असला तरी दुसरा वजीर उभा राहतो. देशी पद्धतींत ही मोकळीक नव्हती. प्यादें ज्या घरांत पोहोंचलें, त्या घरच्या मोहऱ्याचेंच रूप तें घेई. हत्तीच्या घरीं गेलें तर हत्ती, उंटाच्या घरीं गेलें तर उंट, घोड्याच्या घरीं गेलें तर घोडा. राजाच्या किंवा वजिराच्या घरीं पोहोंचलें तरच वजीर. त्यांतही पुष्कळ ठिकाणीं तें मोहरें आधीं मेलेलें असावें लागे. तें जिवंत असेल तर प्याद्यानें शेवटच्या घराच्या उंबरठ्यावर थांबावें, कीं आंत जाऊन मुक्यानें बसावें, यावर किती डाव मोडले असतील व किती मित्र रुसले असतील, त्याची गणती नाहीं.

चौथा प्रश्न बुर्जीचा. प्रतिपक्षाचीं सर्व मोहरीं व प्यादीं मारलीं गेलीं आणि त्याचा राजा एकटा उरला, म्हणजे डाव तेथेंच संपे. या स्थितीस बुर्जी म्हणत. ती कोठें बरोबरी समजली जाई, तर कोठें अर्धा विजय. परंतु पुरी मात म्हणून तिला कोठेंच मान नव्हता. पांचवा प्रश्न मातेच्या प्रतीचा. वजिरानें किंवा हत्तीनें केलेली मात ती साधी मात. प्याद्यानें केलेली प्यादेमात मात्र सर्वांत मानाची. सर्वांत हलक्या शिपायानें राजास जेरीस आणावें, यांत जिंकणाऱ्याचें कौशल्य व हरणाऱ्याची मानहानि हीं दोन्ही पराकोटीस पोहोंचत. पटाकडे ढुंकूनही न पाहणारे लोक आजही व्यवहारांत 'प्यादेमात', 'शहकाटशह' हे शब्द वापरतात. इतकी ती कल्पना मराठी मनांत मुरली आहे.

या नियमांकडे केवळ जुन्या काळच्या लहरी म्हणून पाहणें चुकीचें होईल. प्रत्येक नियमाच्या पोटांत खेळाची एक निराळी रीत दडलेली होती. प्यादीं एकेक घर सरकत असल्यामुळें दोन्ही सैन्यांची गांठ लवकर पडत नसे. आधीं आपापली छावणी नीट ठोकावी, उंटास कोपऱ्याकडून तिरपी वाट करून द्यावी, राजास सुरक्षित घर शोधावें, आणि मग आघाडी उघडावी, असा क्रम असे. उतावळ्यास तेथें थारा नव्हता. बढतीच्या नियमानें तर प्रत्येक प्याद्याला जन्मतःच एक भवितव्य दिलें होतें. राजाच्या व वजिराच्या पुढचीं प्यादीं हीं भावी वजीर. त्यांची किंमत मोठी. घोड्याच्या पुढचें प्यादें पोहोंचलें तरी घोडाच होणार. मात्र प्यादें मारतांना तिरपें जातें व त्यामुळें त्याची उभी ओळ बदलते. म्हणून एखादें मोहरें कोणत्या प्याद्यानें मारावें, हा प्रश्न वीस चालींनंतरच्या बढतीशीं जोडलेला असे. आज आपण तें मोहरें सहज जवळच्या प्याद्यानें मारतों. जुना खेळाडू तेथें बराच वेळ विचार करी, आणि तो विचार व्यर्थ नसे.

बुर्जीच्या नियमाचा परिणाम त्याहून विलक्षण होता. समजा, एकापाशीं राजा, हत्ती व घोडा आहे, आणि दुसऱ्यापाशीं राजा व एक अडलेलें प्यादें उरलें आहे. आजच्या कायद्यानें खेळणारा तें प्यादें प्रथम मारून टाकील आणि मग सावकाश मात करील. देशी कायद्यांत तें प्यादें मारलें कीं बुर्जी झाली. हातचा विजय गेला. म्हणून बलवान पक्षास प्रतिपक्षाचें शेवटचें प्यादें जपावें लागे. शत्रूच्या त्या एकुलत्या शिपायास जिवंत ठेवून, त्याला पुढें पळूं न देतां, राजास मात्र कोंडीत पकडावयाचें! शत्रूचा सर्वस्वीं नाश म्हणजे विजय नव्हे. त्याचें थोडें सैन्य शाबूत असतां त्याला हतबल करणें हा खरा विजय. हा विचार नियमाच्या रूपानें ओसरीवर बसलेल्या मुलांनाही शिकविला जात होता.

असे हे कायदे असतांना बाहेरच्या कायद्याची चाहूल केव्हां लागली? आपण समजतों त्यापेक्षां पुष्कळच आधीं. त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांनीं बुद्धिबळावर 'विलासमणिमंजरी' हा संस्कृत ग्रंथ लिहिला होता. त्याचें इंग्रजी भाषांतर त्यांच्याच नांवानें १८१४ सालीं मुंबईस छापलें गेलें. पुण्यास पेशवाई अद्याप चार वर्षें टिकावयाची होती. त्या भाषांतराच्या मुखपृष्ठावर, हे डाव युरोपीय खेळाच्या रीतीस जुळवून घेतले आहेत, असें स्पष्ट म्हटलें आहे. म्हणजे शनिवारवाड्यावरचें निशाण उतरण्यापूर्वींच पटावरच्या एका शास्त्र्यानें दुसऱ्या कायद्याशीं तह करून ठेवला होता. आपली विद्या परक्यास कळावयाची तर ती त्याच्या नियमांत बसवून सांगितली पाहिजे, हें त्यानें ओळखलें.

तरीही तो तह छापील पुस्तकापुरता राहिला. १९०१ सालीं दिल्लीच्या लाला राजाबाबूंनीं या खेळावर पुस्तक लिहिलें, तेव्हां त्यांस हिंदुस्थानांत एक नव्हे, तीन पद्धती नोंदवाव्या लागल्या: हिंदुस्थानी, पारशी व रूमी. इंग्रज संशोधक एच. जे. आर. मरे यानें १९१३ सालीं बुद्धिबळाचा जो बृहत् इतिहास प्रसिद्ध केला, त्यांत या पद्धतींची दखल घेतली. इंग्रजीचा सुप्रसिद्ध ऑक्सफर्ड कोश ज्यांनीं संपादिला, त्या सर जेम्स मरे यांचा हा मुलगा. बापानें शब्दांचे इतिहास लिहिले, मुलानें चालींचा लिहिला.

येथें एका भ्रमाचें निरसन केलें पाहिजे. देशी कायदा म्हणजे अनादि, शुद्ध, व विलायती कायदा म्हणजे उपरा, अशी कित्येकांची समजूत असते. तर उलट पक्षाची समजूत अशी कीं, विलायती कायदाच तेवढा शास्त्रशुद्ध, व देशी म्हणजे गांवठी अडाणीपणा. दोन्ही समजुती इतिहासापुढें टिकत नाहींत. प्राचीन चतुरंगांतला मंत्री तिरपा एकच घर चालत असे. आपल्या ओसरीवरचा वजीर मात्र पटाच्या या टोंकापासून त्या टोंकापर्यंत धांवतो. ही लांब चाल युरोपांत पंधराव्या शतकाच्या अखेरीस, स्पेन-इटलीकडे, रूढ झाली. आपले 'शह', 'मात', 'वजीर' हे शब्द तर फारशी-अरबींतून आलेले आहेत. हा खेळ येथून इराणांत गेला, तेथून अरबांनीं तो युरोपास पोहोंचविला, आणि वाटेंत प्रत्येक देशानें त्यावर आपला हात फिरविला. तेव्हां निखळ देशी असा आमचा पट कधींच नव्हता.

विलायती कायद्याची गोष्ट तशीच. राजास शह नाहीं, पण हलावयासही जागा नाहीं, या स्थितीस आज सर्वत्र बरोबरी मानतात. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत इंग्लंडांत असा नियम होता कीं, प्रतिपक्षास जो असा कोंडील तोच हरला! इटलींत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत किल्लेकोट करतांना राजा व हत्ती यांस वाटेल त्या घरांत ठेवण्याची मोकळीक होती. दोन घरें उडणाऱ्या प्याद्यास वाटेंत मारण्याचा जो हक्क आज प्रत्येक विद्यार्थी शिकतो, तो इटालियन लोक पुष्कळ काळ मानीत नसत. पटावर जिवंत असलेल्या मोहऱ्याची दुसरी प्रत उभी करूं नये, असें म्हणणारे लोक युरोपांतही होते, व त्यांत अठराव्या शतकांतला विख्यात फ्रेंच खेळाडू फिलिदोर याची गणना होते. अर्थात् ज्या शंका आमच्या ओसरीवर निघत, त्याच शंका पॅरिसच्या व लंडनच्या कॉफीगृहांतही निघत. युरोपांतही पटावर संस्थानें होतीं. तीं आधीं विलीन झालीं, एवढाच काय तो फरक. १८५१ सालीं लंडनला पहिले आंतरराष्ट्रीय सामने झाले, आगगाडीनें व आगबोटीनें दूरदूरचे खेळाडू एकत्र येऊं लागले, आणि प्रत्येक वेळीं डावापूर्वीं नियमांचा तंटा सोडवीत बसणें अशक्य झालें. ता. २० जुलै १९२४ रोजीं पॅरिस येथें जागतिक बुद्धिबळ संघाची स्थापना झाली व १९२९ सालीं त्यानें सर्व देशांकरितां एकच कायदेसंहिता प्रसिद्ध केली.

हें १९२९ साल आम्हां हिंदी लोकांस दुसऱ्या एका कारणानें संस्मरणीय आहे. पंजाबांतील सर उमर हयातखान या जहागीरदाराच्या पदरीं सुलतानखान नांवाचा एक तरुण होता. देशी बुद्धिबळ तो लहानपणापासून खेळत आला होता. पाश्चात्त्य कायदा त्यानें मागाहून शिकला. १९२८ सालीं तो अखिल हिंदुस्थानच्या स्पर्धेंत पहिला आला, १९२९ च्या वसंतांत धन्याबरोबर लंडनला गेला, आणि त्याच वर्षीं त्यानें ब्रिटिश अजिंक्यपद मिळविलें. १९३२ व १९३३ सालींही तें पद त्याच्याचकडे आलें. हेस्टिंग्ज येथील १९३०-३१ च्या सामन्यांत त्यानें माजी जगज्जेता कापाब्लांका यास हरविलें. त्याच्या खेळाचें परीक्षण करणारे सांगतात कीं, डावाच्या आरंभीं तो चांचपडे, कारण दोन घरें उडणाऱ्या प्याद्यांच्या जगांत तो उशिरां आला होता. पण डावाच्या अखेरीस त्याच्या हातांतून सुटणें कठीण. ज्या देशी कायद्यानें त्याला आरंभीं मागें ठेवलें, त्याच कायद्यानें शेवटच्या पांचसहा मोहऱ्यांच्या झटापटींत लागणारी चिकाटी त्याला दिली, असें आमचें मत आहे. १९३३ च्या अखेरीस तो मायदेशीं परतला. १९३५ सालीं महाराष्ट्राचे खेळाडू व्ही. के. खाडिलकर यांच्याशीं त्याचा दहा डावांचा सामना झाला, व त्यांत खाडिलकरांस फक्त एक डाव बरोबरींत सोडवितां आला. पुढें तो जगाच्या दृष्टिआड झाला व १९६६ सालीं वारला. जागतिक संघानें त्यास ग्रँडमास्टर ही पदवी सन्मानार्थ दिली ती २०२४ सालीं, मरणोत्तर.

नियम परका असला म्हणजे काय होतें, हें कोल्हापूरकरांस बुद्धिबळापेक्षां कुस्तीच्या उदाहरणानें अधिक लवकर पटेल. शाहू महाराज १९०२ सालीं युरोपांत गेले असतां त्यांनीं रोमचें प्राचीन क्रीडागृह पाहिलें, आणि पुढें १९१२ सालीं खासबागेचें मैदान बांधून झालें. त्या मैदानाच्या तांबड्या मातींत कुस्ती म्हणजे निकाली कुस्ती. पाठ लागेपर्यंत झुंज, गुणांचा हिशेब नाहीं. येथील राजाराम कॉलेजचे विद्यार्थी खाशाबा जाधव १९४८ सालीं लंडनच्या ऑलिंपिकांत गेले, तेव्हां त्यांस मातीऐवजीं गादी, आणि चितपटीबरोबर गुणांचा हिशेब, अशा दोन नव्या गोष्टींशीं झुंजावें लागलें. त्यांचा सहावा क्रमांक आला. चार वर्षें तो परका कायदा अंगीं मुरवून १९५२ सालीं हेलसिंकीस त्यांनीं कांस्यपदक मिळविलें. तेथें एक लांबलेली कुस्ती संपतांच त्यांस लगेच दुसऱ्या कुस्तीस बोलावण्यांत आलें. मध्यें नियमाप्रमाणें मिळावयाची विश्रांति त्यांच्या वतीनें मागावयास कोणी भारतीय अधिकारी जवळ नव्हता, असें सांगतात. नियम ठाऊक असणें हें जितकें महत्त्वाचें, तितकेंच तो वेळेवर बोलून दाखविणें महत्त्वाचें. पटाच्या कडेस बसून "थांबा, हें नियमास धरून नाहीं" असें म्हणणारा मनुष्य आपणांस भांडखोर वाटतो. हेलसिंकीस असा एक भांडखोर हवा होता.

आमच्या भागांतील पटावरचें विलीनीकरण स्वातंत्र्यानंतर वेगानें झालें. १९५१ सालीं अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघ स्थापन झाला. १९५५ सालीं आंध्रांत एलुरु येथें पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली व तिचें अजिंक्यपद महाराष्ट्राचे रामचंद्र सप्रे आणि आंध्रचे डी. वेंकय्या यांस विभागून मिळालें. राष्ट्रीय स्पर्धा म्हटली कीं एक कायदा आलाच; कोल्हापूरचा गडी आणि एलुरुचा गडी समोरासमोर बसले, तर "आमच्याकडे" हा शब्द दोघांनींही घरीं ठेवून यावयास पाहिजे. कोल्हापुरापासून जवळच असलेल्या सांगलींत भाऊसाहेब पडसलगीकर यांनीं नूतन बुद्धिबळ मंडळाच्या द्वारें मुलांमुलींस हा नवा कायदा निष्ठेनें शिकविला. भाग्यश्री साठे, स्वाति घाटे यांसारख्या खेळाडू त्याच सांगलीच्या. नव्या कायद्यामुळें पटावरील स्त्रियांचा प्रवेशही न्यायाचा विषय झाला. मूळच्या सांगलीच्या खाडिलकर घराण्यांतील रोहिणी खाडिलकर १९७६ सालीं पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेंत उतरल्या, तेव्हां मोठा गिल्ला झाला, प्रकरण न्यायालयापर्यंत गेलें. अखेर जागतिक संघाचे अध्यक्ष डॉ. माक्स युवे यांनीं निर्णय दिला कीं, स्त्रियांस अशा स्पर्धांतून वगळतां येणार नाहीं. ओसरीवरच्या काकांकडे हा वाद गेला असता, तर त्याचा निकाल काय लागला असता, तें सांगण्याची गरज नाहीं. २०२५ सालीं नागपूरची दिव्या देशमुख स्त्रियांचा विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झाली. एका गांवाच्या कायद्यांत जिचें नांवही निघालें नसतें, तिला साऱ्या जगाच्या कायद्यानें पट मोकळा करून दिला.

तेव्हां या विलीनीकरणाविषयीं शोक करावा असें आम्ही म्हणत नाहीं. जो कायदा सर्वांस सारखा आणि आधीं लिहिलेला, तो दुबळ्याचा मित्र असतो. अलिखित कायद्यांत वडिलांचा, धनिकांचा आणि मोठ्या आवाजाचा शब्द चालतो. सुलतानखान हा एका सरदाराच्या पदरचा मनुष्य; परंतु छापील कायद्याच्या आधारावर तो लंडनच्या मोठमोठ्या गृहस्थांसमोर बरोबरीनें बसला, व पटावर तरी कोणी त्याला उठवूं शकलें नाहीं.

परंतु लाभाचा जमाखर्च मांडतांना खर्चाची बाजू कोरी ठेवणें हा प्रामाणिकपणा नव्हे. एकेक घर सरकणाऱ्या प्याद्यांची ती सबुरी, प्रत्येक प्याद्याचें जन्मसिद्ध भवितव्य, शत्रूचें शेवटचें प्यादें जपण्याची ती विलक्षण कला, प्यादेमातीचा तो मान, हें सर्व आम्हीं विकून टाकलें नाहीं. तें आम्हीं नुसतें विसरलों. आणि जें जगानें घेतलें, त्याचीही आम्हांस आठवण नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कलकत्त्यास महेशचंद्र बंद्योपाध्याय नांवाचे गृहस्थ जॉन कॉक्रेन या स्कॉटिश खेळाडूशीं खेळत. दोन घरांची उडी घेण्याची मुभा असूनही देशी वळणाप्रमाणें ते प्यादीं बेतानें सरकवीत व उंट कोपऱ्याकडून तिरपा लावीत. त्या काळीं ही रीत पाश्चात्त्यांस विचित्र वाटली. विसाव्या शतकांत जगांतील श्रेष्ठ खेळाडूंनीं तिचा अंगीकार केला, आणि डावाच्या त्या आरंभांस आज साऱ्या जगांत 'इंडियन' हेंच नांव आहे. नियम गेला, पण नियमानें घडविलेली रीत राहिली.

संस्थानें विलीन झालीं, तेव्हां त्यांचीं दप्तरें जाळलीं गेलीं नाहींत. तीं पुराभिलेखागारांत नेऊन ठेवलीं गेलीं, व कोल्हापूरचें दप्तर अभ्यासक आजही चाळीत असतात. पटावरच्या संस्थानांचें दप्तर कागदावर नव्हतेंच; तें माणसांच्या स्मरणांत होतें. ज्यांनीं देशी कायद्यानें डाव खेळलेले आहेत अशीं वृद्ध माणसें अद्याप पुष्कळ घरांत आहेत. त्यांच्यापाशीं नातवंडांनीं एक संध्याकाळ पट घेऊन बसावें. राजाची उडी केव्हां जाई, प्यादें उंबरठ्यावर थांबे कीं नाहीं, बुर्जीस तुमच्या गांवीं काय मानीत, हे प्रश्न एकेक करून विचारावे आणि उत्तर गांवाच्या नांवासह वहींत उतरून ठेवावें. स्पर्धेंत जगाचाच कायदा चालेल, आणि तोच चालावा. परंतु आपल्या आजोबांचा कायदा काय होता, हें ज्या घरास सांगतां येतें, त्या घरानें कांहीं गमावलें असें आम्ही मानणार नाहीं.